दाराला टेकलेला खराटा

मित्रांनो, मी एक जुना खराटा आहे. सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, मागच्या भिंतीशी, फाटक्या जाळ्यांच्या ढिगावर मी आडवा पडलेलो असतो. माझ्या काड्या झडल्या आहेत, त्यांना आवळणारी तार गंजली आहे आणि दांड्यावर शेवाळ धरू लागले आहे. खराट्याला कसले आले आहे आत्मवृत्त, असे तुम्ही म्हणाल. अंगण झाडले, झिजला, संपला. परंतु आमच्या उत्तरेकडच्या, बर्फाळ काइनू प्रांतात खराट्याला झाडण्याखेरीज आणखी एक काम असे. त्या कामामुळे माणसे एकमेकांकडे कशी येतात आणि कशी येईनाशी होतात, हे मी फार जवळून पाहिले.

मला अर्वो केम्पाइनेनने घडवले. अर्वो जंगलात लाकूडतोडीच्या कामाला होता. लग्न झाल्यावर त्याने सरोवराच्या काठी ओंडक्यांचे घर उभारले आणि उरलेल्या पाइनच्या लाकडातून माझा दांडा तासला. काचेच्या तुकड्याने घासून तो इतका गुळगुळीत केला की त्याची बायको साइमी म्हणाली, "एवढी मेहनत कशाला? माझ्या हाताला कुसळ लागू नये म्हणून, की पुढे झाडायला मलाच लागावं म्हणून?"

"दोन्हीसाठी," अर्वो म्हणाला.

दांड्याच्या टोकाला त्याने बर्च झाडाच्या कोवळ्या फांद्यांची जुडी बांधली. उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या सणाला जुनी जुडी जाळायची आणि नवी बांधायची, असा या घराचा रिवाज. दांडा तोच, काड्या नव्या. त्यामुळे मी म्हातारा होत गेलो तरी दर उन्हाळ्यात पुन्हा हिरवागार दिसत असे. पायऱ्यांवरचे बर्फ, लाकडाचा भुसा, गळलेली पाने, सारे मी दूर सारले. 'असा खराटा पंचक्रोशीत नाही,' असे साइमी आल्यागेल्याला सांगे. तेव्हा मला धन्य वाटे.

आता माझे दुसरे काम सांगतो. आमच्याकडे दिवसा घराला कुलूप लावीत नसत. घरची माणसे बाहेर निघाली की खराटा बाहेरून दाराला टेकवून ठेवीत. त्याचा अर्थ एवढाच, की घरात कोणी नाही. आलेल्याने तो पाहायचा आणि परत फिरायचे. दार ढकलायचे नाही, ठोठावायचेसुद्धा नाही. कुलूप आलेल्या माणसावर संशय घेते. मी कोणावर संशय घेतला नाही आणि मला ओलांडून कोणी आत गेले नाही.

मात्र घरात असताना खराटा दाराला लावायचा नसतो. गावात दोन भावांचे जमिनीवरून फाटले होते. थोरला येतो आहे असे पाहून धाकट्याने खराटा दाराला लावला, मागल्या दाराने आत गेला आणि खिडकीत जाऊन बसला. थोरला आला, त्याने खराटा पाहिला, खिडकीतला भाऊ पाहिला आणि परत गेला. पुढे धाकटा मेला तेव्हा थोरला अंत्यविधीलाही आला नाही. घरात असून दाराला खराटा लावणे, आमच्याकडे याहून मोठी शिवी नाही.

घरी वरचेवर येणारा पाहुणा म्हणजे रेइनो. तो सरोवराच्या पलीकडच्या काठावर एकटा राहत असे. त्याने लग्न केले नव्हते. तो आणि अर्वो तरुणपणापासून एकाच करवतीची दोन टोके धरून झाडे पाडत आलेले. हिवाळ्यात तो गोठलेल्या सरोवरावरून स्कीवर येई आणि उन्हाळ्यात होडीने. येण्याआधी निरोप नसे. मी दाराला नाही एवढे दुरूनच पाहायचा, बूट झटकायचा आणि आत येऊन दाराजवळच्या बाकावर बसायचा. साइमी टेबलापाशी बोलवीपर्यंत तिथेच बसून राहायचा, कारण जुन्या माणसांची रीतच तशी होती.

मग ते दोघे गप्प बसत. मित्रांनो, ही थट्टा नव्हे. एक खिडकीबाहेर पाही, दुसरा आपल्या कपाकडे. मधूनच एक म्हणे, "गारठा आहे." बऱ्याच वेळाने दुसरा म्हणे, "हो, आहे." कॉफीची किटली दुसऱ्यांदा चुलीवर चढे.

एकदा साइमी वैतागून म्हणाली, "रेइनो, सकाळपासून तू तीन शब्द बोललास, आणि त्यातला एक 'कॉफी' होता."

"दुसरा 'आभार' होता," रेइनो शांतपणे म्हणाला.

"आणि तिसरा?"

"तो अर्वोने म्हटला. तू उगीच माझ्या नावावर घालतेस."

साइमी इतकी हसली की तिला बाकावर बसावे लागले. पण त्या गप्प बसण्यात किती देवघेव चालते, हे तिला पक्के ठाऊक होते. रेइनोची आई वारली त्या आठवड्यात तो असाच येऊन बसला. अर्वोने त्याच्याकडे एकदा पाहिले, उठला आणि सौना तापवायला गेला. आईचा विषय निघाला नाही. संध्याकाळी परतताना रेइनोचा चेहरा सकाळसारखा राहिला नव्हता.

पुढे घरात टेलिफोन आला. मी फोनचा वैरी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. साइमीच्या छातीत पहिल्यांदा दुखले तेव्हा फोनमुळेच गाडी वेळेवर आली आणि त्यानंतर ती पुष्कळ वर्षे जगली. तिची बहीण समुद्रापलीकडे स्वीडनमध्ये होती. तिचा आवाज घरात ऐकू आला तेव्हा साइमी रडली होती. जे दूर आहे ते फोनने जवळ आणले. जे जवळ होते, त्याचे मात्र काहीतरी बिघडले, आणि ते इतके हळूहळू की कोणाला दोष द्यावा हेही कळले नाही.

पूर्वी पाहुणा विचारत नसे, म्हणून यजमानाला नको म्हणण्याची वेळच येत नसे. आता लोक आधी फोन करू लागले. "येऊ का?" असे विचारले की सभ्य माणसाला म्हणावे लागते, "ये की, पण एवढ्या गारठ्यात कशाला त्रास घेतोस?" आणि सभ्य पाहुण्याला म्हणावे लागते, "बरं, मग पुन्हा कधीतरी." दोघेही चांगुलपणाने बोलत आणि दोघेही आपापल्या घरी बसून राहत. अंगणातल्या बर्फावर पावले कमी दिसू लागली. मला झाडायला बर्फ होते, पण वाट कोणासाठी मोकळी करतो आहोत, हे कळेनासे झाले.

साइमी गेली. अर्वो एकटा उरला. त्याचा मुलगा योर्मा दक्षिणेकडे शहरात नोकरीला होता. त्याने बापाला मोठ्या बटणांचा मोबाईल आणून दिला आणि बजावले, "बाबा, रेइनोकाकांना या वयात बर्फावरून कशाला यायला लावता? पाय घसरला म्हणजे? फोन आहे ना आता! पाहिजे तेवढं बोला."

आमच्या घरात या मोबाईलला फक्त बाहेरच्या दाराच्या आतल्या बंद पडवीतच आवाज येई, म्हणजे जिथे मी उभा असे तिथेच. शिवाय अर्वोला कमी ऐकू येई, म्हणून तो पलीकडचा आवाज मोठा करून ठेवी. त्यामुळे दोन्ही बाजूंचे बोलणे मला ऐकू येत असे.

रेइनोशी त्याचे बोलणे असे चाले.

"रेइनो?"

"हो."

"काय चाललंय?"

"काही नाही. तुझं?"

"काही नाही."

मग शांतता. खोलीत हीच शांतता अर्धा दिवस पुरली असती. फोनवर ती क्षणभरही टिकेना. "ऐकू येतंय ना? तुटला की काय?" असे एक जण म्हणे, दुसरा म्हणे, "नाही, आहे," आणि दोघेही अवघडून फोन ठेवून देत. शब्द पूर्वी होते तेवढेच होते. त्यांच्या मधले जे होते, ते फोनमधून जात नव्हते.

अशातच रेइनोचे हात कापू लागले. चुलीत लाकूड सारताना तो दोनदा पडला. नगरपालिकेची बाई येऊन सांगून गेली, की हिवाळा संपण्याआधी ठरवा. एकटे राहता येणार नाही, शहरातल्या वृद्धाश्रमात जागा आहे. हे अर्वोला कळले आणि त्याने मनाशी ठरवले. स्वयंपाकघराला लागून एक खोली होती. साइमी तिथे मागावर चिंध्यांच्या सतरंज्या विणायची. ती खोली रिकामी करायची आणि रेइनोला म्हणायचे, इथे राहा. दोन म्हाताऱ्यांनी एका चुलीवर भागवायचे. एवढी एकच इच्छा त्याला उरली होती.

शाळांच्या हिवाळी सुट्टीत योर्माची बायको औती सासऱ्याच्या मदतीला आठवडाभर आली. औती शहरात, बहुमजली इमारतीत वाढलेली. मोठी कष्टाळू आणि मायाळू मुलगी. तिने माग उतरवला, भिंती पुसल्या आणि विचारले, "पण बाबा, रेइनोकाकांना विचारलंत का?"

"विचारायचंय."

"मग करा ना फोन! आत्ता करा. मी आहे इथे उभी."

अर्वोची कंबर धरलेली होती. त्याला स्की घालता येत नव्हती आणि रस्त्याने सरोवराला वळसा घालायचा तर गाडी हवी. त्याने फोन लावला.

"रेइनो? मी."

"ऐकतोय."

"बर्फ कसं आहे?"

"आहे. पक्कं आहे अजून."

अर्वोने एक पाय उचलला, दुसरा उचलला, खिडकीकडे पाहिले. ज्याच्याकडे आयुष्यात कधी काही मागितले नाही त्याला, एका काळ्या तुकड्यात तोंड घालून, माझ्याजवळ येऊन राहा असे कसे म्हणायचे? "ये कधीतरी," तो शेवटी म्हणाला.

पलीकडे बराच वेळ काही आले नाही. मग, "बघतो."

औतीने कपाळाला हात लावला. "झालं? एवढंच? बाबा, अहो, खोलीचं कुठे बोललात?"

"त्याला कळलं."

"काय कळलं? तुम्ही बर्फाची चौकशी केलीत!"

"तो येईल," अर्वो म्हणाला. "आल्यावर बोलू."

आणि मित्रांनो, अर्वोचे खरे होते. रेइनोला कळले होते.

त्यानंतर दोन दिवसांनी पहाटे ताजे बर्फ पडले. औतीने उठून मला घेऊन पायऱ्या स्वच्छ झाडल्या. काम झाल्यावर मला कुठे ठेवावे म्हणून तिने इकडेतिकडे पाहिले आणि व्यवस्थित, सरळ, बाहेरच्या दाराला टेकवून ठेवले. त्याचा अर्थ तिला कोणी सांगितलेला नव्हता. सांगावा असे कोणाला सुचलेही नव्हते, कारण आमच्या लेखी ती गोष्ट चालता येण्याइतकी स्वाभाविक होती. ती कोणी शिकवीत नसे. अर्वो त्या गारठ्यात दाराबाहेर येत नव्हता, म्हणून त्याने मला पाहिले नाही.

सकाळी उशिरा सरोवरावर एक ठिपका दिसू लागला. तो हळूहळू येत होता आणि मधूनमधून थांबत होता. रेइनो होता. त्याने चर्चला जाताना घालायचा कोट घातला होता आणि पाठीवर थैली होती. पायऱ्यांपाशी येऊन त्याने स्की सोडल्या, थैलीतून कॉफीचा पुडा काढून हातात घेतला आणि मान वर केली.

त्याने मला पाहिले.

धुराड्यातून धूर निघत होता. आतून हातोडीचे ठोके ऐकू येत होते. पलीकडच्या बाजूच्या त्या खोलीत अर्वो आणि औती आरसा टांगण्यासाठी खिळा ठोकत होते. "जरा वर घ्या बाबा, एवढ्या खाली ते काय दाढी करतील?" असे औती म्हणाली आणि अर्वो हसला. ते हसणे दारापर्यंत आले. शब्द मात्र दाराला टेकलेल्या मलाच ऐकू आले, रेइनोला नाही.

रेइनो बराच वेळ उभा राहिला. मला वाटले, ठोठाव. निदान माझ्यावर राग काढ, मला लाथ मार, मी खाली पडेन, आवाज होईल. पण तो जुन्या रीतीचा माणूस होता. खराट्यापुढे दार ठोठावणे त्याला ठाऊक नव्हते. "असं आहे तर," तो हळूच म्हणाला. त्याने पुडा परत थैलीत ठेवला. कापऱ्या हातांना स्कीचे पट्टे लवकर लागेनात. मग तो आला त्याच रेषांवरून परत गेला. दुपारी वारा सुटला आणि त्या रेषा बुजल्या. संध्याकाळी औतीने मला आत घेतले.

अर्वोने वाट पाहिली. औती गेल्यावरही पाहिली. त्याने फोन केला तर रेइनो म्हणे, "बरं आहे." सरोवरावरचे बर्फ वितळायला येऊन काळे पडू लागले तेव्हा योर्माकडून कळले, की रेइनोने कागदावर सही केली आणि तो वृद्धाश्रमात गेला.

अर्वोने तिथे फोन लावला. "गेलास?"

"गेलो. बरं आहे इथे. जेवण मिळतं."

"माझ्याकडे खोली होती रे."

रेइनो म्हणाला, "आलो होतो मी. पाहिलं."

"काय पाहिलंस?"

"काही नाही. ठेवतो. जेवायला बोलावताहेत."

अर्वो पडवीत उभा राहिला. काय पाहिले, हे त्याला उमगेना. समोरासमोर असते तर रेइनोच्या मानेवरून, त्याच्या बोटांवरून त्याला लगेच कळले असते, की आत काहीतरी तुटले आहे. फोनवर फक्त 'बरं आहे' आले. तो दर वेळी म्हणे, "येऊ का भेटायला?" आणि रेइनो दर वेळी म्हणे, "कशाला? लांब आहे." योर्मा म्हणे, "रस्ते सुकू देत, नेतो." रस्ते सुकले, पण मग योर्माला कामातून सवड होईना.

सर्वांत मोठ्या दिवसाच्या सणाला औती आधी एकटीच आली. योर्मा शनिवारी येणार होता. तिने अंगण झाडले, बर्चच्या फांद्या दारापाशी उभ्या केल्या आणि मला पुन्हा दाराला टेकवले. अर्वो काठी टेकत सरोवराकडून वर येत होता. आपल्याच दाराशी तो थबकला. आत औती भांडी लावत होती, तो आवाज येत होता.

"औती," त्याने हाक मारली. "हा इथे कोणी ठेवला?"

"मी. का हो बाबा?"

"हिवाळ्यातही इथेच ठेवायचीस?"

"हो, झाडून झालं की तिथेच. हाताशी राहतो ना. का, काही चुकलं का?"

अर्वोने माझ्यावर हात ठेवला. औती दारात येऊन त्याच्या तोंडाकडे पाहत होती, आणि खरे सांगितले तर ही मुलगी जन्मभर ते उरात घेऊन फिरेल, हे त्याला दिसले.

"नाही गं," तो म्हणाला. "पावसात भिजतो, इतकंच. आत ठेवत जा."

औती पोहायला गेल्यावर तो पडवीत आला. शनिवारपर्यंत थांबायला तो तयार नव्हता. ज्या यंत्रावर त्याचा कधी विश्वास नव्हता, तेच या वेळी सर्वांत जलद होते. पलीकडे परिचारिकेने फोन उचलला. "ते बोलत नाहीत आता, आजोबा. मागच्या आठवड्यात पक्षाघाताचा झटका आला. पण मी फोन कानाला लावते, तुम्ही बोला."

आणि अर्वो बोलला. मी त्याला एवढे बोलताना कधी ऐकले नव्हते. "रेइनो, मी आहे. तो खराटा सुनेने ठेवला होता. शहरातली पोर, तिला माहीत नव्हतं. मीच सांगायला हवं होतं. आम्ही आत तुझीच खोली करत होतो रे. ठोकाठोकी ऐकलीस ना? तो तुझा आरसा होता. तू आलास तेव्हा मी आतच होतो, पण तुझ्यावर दार लावलं नव्हतं. ऐकतोयस ना? मी शनिवारी येतो. रेइनो?"

फोनमध्ये काहीच नव्हते. खोलीतली शांतता अर्वोला वाचता येई. ती रागाची आहे, थकव्याची आहे, की निवळलेली आहे, हे तो न पाहताही सांगू शके. ही शांतता कशाची होती? त्याने फोन कानाशी घट्ट दाबला, जणू आणखी दाबल्याने काही ऐकू आले असते.

"झालं का बोलून?" परिचारिका म्हणाली.

"त्याने काही केलं का? तोंडावर काही दिसलं?"

"डोळे मिटलेले आहेत."

"माझं ऐकून मिटले?"

"सकाळपासून मिटलेलेच आहेत हो. जागे आहेत की झोपलेत, आम्हालाही कळत नाही."

योर्माची गाडी शनिवारी आली. वृद्धाश्रमाचा फोन त्याआधीच्या दिवशीच आला होता.

त्या वर्षी अर्वोने मला नव्या काड्या बांधल्या नाहीत. रेइनोच्या अंत्यविधीहून परतल्यावर त्याने मला उचलले, सौनामागे आणले आणि खाली ठेवले. फेकले नाही, जपूनच ठेवले. औती दुकानातून प्लॅस्टिकचा झाडू घेऊन आली. योर्मा रोज संध्याकाळी फोन करतो. "कसे आहात बाबा?" असे विचारतो. "बरा आहे," असे उत्तर मिळते आणि तो निश्चिंत होतो.

मित्रांनो, फोन जरूर करा. त्याने डॉक्टर येतो, दूरच्या बहिणीचा आवाज येतो. परंतु ज्याच्यासमोर तुम्हाला गप्प बसता येते, असे एखादे माणूस तुम्हाला असेल तर त्याच्याकडे उठून जा. येऊ का, असे विचारू नका. तो नको म्हणेल. दाराला काहीही टेकलेले दिसले तरी ते बाजूला करा आणि ठोठावा. माझी ही विनंती फारसे कोणी ऐकेल, अशी आशा मला नाही. काठावरची घरे मला इथून दिसतात आणि त्यांच्या वाटांवर गवत वाढले आहे.

अर्वोला उत्तर मिळाले नाही आणि आता मिळणारही नाही. जे काही उत्तर होते ते रेइनोच्या चेहऱ्यावर होते, आणि त्या वेळी तिथे त्याचा चेहरा ओळखणारे कोणी नव्हते.